फ्रान्सच्या खेड्यात मुक्काम एकाच घरी

कुटुंबासह फ्रान्सच्या ग्रामीण भागात उन्हाळी सुट्टी घालवायची असेल, तर आधी घर आणि आठवडा ठरवावा आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यानंतर करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपच्या सहलीचा आपला रिवाज याच्या नेमका उलट आहे. आधी नावं लिहायची, हाताशी असलेल्या दिवसांत ती बसवायची आणि शेवटी जागा उरली तर 'दोन दिवस खेडेगाव' घालायचं. पॅरिस, रोम, आम्स्टरडॅम अशा शहरांत हे चालून जातं. तिथली संग्रहालयं दिवसभर उघडी असतात, मेट्रो दर काही मिनिटांनी येते आणि कुठल्याही वेळी खायला काहीतरी मिळतं. खेड्यात तसं नसतं. बेकरी आठवड्यातून एखादा दिवस बंद, किराणा दुकान दुपारच्या जेवणाच्या वेळी बंद, बाजार ठरावीक वारी आणि तोही बहुतेक सकाळीच, उपाहारगृहातली शेगडी दुपारी दोनच्या सुमारास विझलेली. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या वाट्याला यातली बंद दारंच जास्त येतात आणि 'सुंदर आहे, पण करण्यासारखं काही नाही' असा शेरा मारून तो पुढच्या शहराकडे निघतो. आठवडाभर राहणाऱ्याला हेच वेळापत्रक तिसऱ्या दिवसापर्यंत अंगवळणी पडतं आणि मग त्याच्या आधाराने सुट्टी आपोआप आकार घेते.

आठवडा हे माप तिथे कुठून आलं, हे समजून घेतलं की नियोजनाचे बरेच प्रश्न सुटतात. १९३६ च्या जूनमध्ये लेऑन ब्लूम यांच्या 'पॉप्युलर फ्रंट' सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. विरंगुळा आणि क्रीडा हे खातं सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलतीचं तिकीट सुरू केलं आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबं त्या उन्हाळ्यात गाडीत बसली. पुढे ही रजा १९५६ साली तीन, १९६९ साली चार आणि १९८२ साली पाच आठवड्यांची झाली. रजा मिळाली, पण चार-पाच जणांच्या कुटुंबाला हॉटेलात राहणं कसं परवडणार? त्याचं उत्तर गावांकडे होतं. शेतीतली माणसं शहरांकडे निघून चालली होती, दगडी घरं आणि कोठारं रिकामी पडत होती. १९५१ साली आल्प्सच्या दक्षिणेकडच्या एका जिल्ह्यात सेनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने असं पहिलं घर सुट्टीसाठी भाड्याने देण्यात आलं. अशा घराला 'झीत' म्हणतात. १९५५ साली त्यांची 'झीत द फ्रान्स' ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. घराचा दर्जा ती आजही गव्हाच्या कणसांनी दाखवते, एका कणसापासून पाचपर्यंत. मालकाला जोडधंदा मिळाला, पडायला आलेलं घर वाचलं आणि शहरातल्या कुटुंबाला स्वतःची चूल असलेला मुक्काम मिळाला.

या व्यवस्थेत पाहुणा एका रात्रीचा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक घरं शनिवार ते शनिवार दिली जातात. सकाळी दहाच्या सुमारास एक कुटुंब निघतं, घर झाडून-पुसून होतं आणि दुपारी चारनंतर दुसरं येतं. याचा परिणाम महामार्गांवर दिसतो. १९७५ च्या उन्हाळ्यात देशभर शेकडो किलोमीटर लांबीच्या रांगा लागल्यावर सरकारने १९७६ साली 'बिझाँ फ्युते' ही वाहतूक-अंदाज सेवा सुरू केली. ती प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते, आणि जुलैची मंडळी परतत असताना ऑगस्टची निघतात तो शनिवार बहुधा काळा असतो. आता यात आपला 'दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे' हा आराखडा ठेवून पाहा. भर हंगामात दोन रात्रींसाठी चांगलं घर मिळणार नाही, मिळालं तर महाग मिळेल, आणि मुक्काम हलवण्याचा दिवस शनिवारी आला तर तो रस्त्यावरच संपेल. व्यवस्थाच आठवड्याची आहे. तिच्याशी भांडून हाती काही लागत नाही.

उदाहरणासाठी नैर्ऋत्य फ्रान्समधला पेरिगॉर हा प्रदेश घेऊ. दोर्दोन्य आणि वेझेर या दोन नद्यांच्या खोऱ्यांतला, सार्ला गावाच्या भोवतीचा हा भाग सहकुटुंब सुट्टीसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. इथली गावं आपापसांत बाजाराचे वार वाटून घेतात, आपल्याकडच्या आठवडे बाजारांसारखेच. मंगळवारी ल ब्युग, बुधवारी आणि शनिवारी सार्ला, गुरुवारी टेकडीवरचं दोम, रविवारी सँ-सिप्रियाँ. यातलं एखादं गाव मध्यभागी धरून घर घेतलं की जवळजवळ रोज कुठे ना कुठे बाजार सापडतो आणि प्रत्येक बाजाराला जोडून त्या परिसरातली एखादी गोष्ट पाहता येते. सकाळी नऊला पोचायचं, भाजी, चीज, पीच, आक्रोड घ्यायचे, बारापर्यंत परतायचं, घरी जेवायचं. दुपार सावलीत काढायची आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडायचं. जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ म्हणजे चार-साडेचार तासांचा दुसरा दिवसच हाती येतो. शहरातल्या सहलीत हा वेळ पाय दुखत हॉटेलवर परतण्यात जातो. इथे तो नदीकाठी जातो.

पाहण्यासारखं काय, या प्रश्नाचं उत्तर या खोऱ्यात फार समृद्ध आहे. १२ सप्टेंबर १९४० रोजी माँतिन्याक गावाजवळ काही मुलांना लास्कोची गुहा सापडली. तिच्या भिंतींवरचे बैल, घोडे, हरणं सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर गुहा लोकांसाठी उघडली आणि रोज हजाराहून अधिक माणसं आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवी शेवाळं धरू लागली, तेव्हा १९६३ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ती बंद केली. तिची पहिली प्रतिकृती १९८३ साली आणि जवळजवळ संपूर्ण गुहेची प्रतिकृती २०१६ च्या अखेरीस खुली झाली. प्रतिकृती पाहायला इतक्या दूर का जायचं, असं विचारणाऱ्यांनी जवळच्या रुफिन्याकला जावं. तिथे मूळ चित्रं आहेत, त्यांत मॅमथच मॅमथ, आणि विजेच्या छोट्या गाडीत बसून आत जाता येतं, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही ती पाहता येते. आत तापमान १३ अंशांच्या आसपास असतं, बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर न्यावाच. या दोन गुहा एकाच दिवशी करू नयेत. मुलांनी आधी लास्कोत ती चित्रं कशी काढली गेली, रंग कुठून आणले, पोकळ हाडातून रंग कसा फुंकला जात असावा, हे समजून घ्यावं, मग एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि त्यानंतर रुफिन्याकमध्ये मूळ रेषा पाहाव्यात. हे अंतर ठेवणं आठवडा हातात असेल तरच जमतं.

इतिहासाचंही तसंच. नदीच्या एका काठावर बेनाकचा किल्ला, समोरच्या काठावर थोडं पुढे कास्तेलनोचा. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंच राजाकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे होता. कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धयंत्रांचं संग्रहालय आहे आणि दगड फेकणाऱ्या प्रचंड गोफणयंत्रांच्या प्रतिकृती आहेत. फ्रान्सच्या राजाने १२८१ मध्ये दोम वसवलं, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये माँपाझिए. दोन्ही नव्याने आखून वसवलेली गावं. माँपाझिएचे काटकोनात छेदणारे रस्ते आणि मधला कमानींचा चौक पाहिला की नगररचना म्हणजे काय हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. आणि हे किल्ले पाहण्याची उत्तम जागा म्हणजे दोर्दोन्य नदीतली कनू. उन्हाळ्यात इथे नदी संथ आणि बऱ्याच ठिकाणी उथळ असते. कनू भाड्याने देणारे प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडतात आणि खाली उतरवून घेतात. ला रॉक-गाझाकची कड्याला चिकटलेली घरं पाण्यातून पाहावीत. पोहता येणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट घालूनच बसावं, आणि पाऊस पडून गेल्यावर नदी फुगली असेल तर बेत दुसऱ्या दिवसावर टाकावा. दुसरा दिवस शिल्लक असणं, हा एकाच मुक्कामाचा सर्वांत मोठा फायदा मी मानतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो आणि तो रास्त आहे. मुंबई-पुण्याहून विमानाचं तिकीट काढून इतकं दूर जायचं आणि एकाच जागी बसायचं, हे पैसे वाया घालवणं नाही का? पण खर्च नेमका कशावर होतो ते पाहिलं पाहिजे. मुक्काम बदलण्याचा प्रत्येक दिवस सामान भरण्यात, गाडी पकडण्यात, खोली मिळेपर्यंत थांबण्यात अर्धा तरी जातो. दहा दिवसांत चार मुक्काम केले तर असे तीन अर्धे दिवस जातात, आणि तिकीट त्यांच्यासाठीही काढलेलं असतं. दुसरं, झीतचं भाडं माणशी नसून संपूर्ण घराचं असतं. दोन भाऊ, त्यांची कुटुंबं आणि आई-वडील असे आठ जण असतील तर हॉटेलच्या तीन-चार खोल्यांच्या तुलनेत हा हिशेब बहुधा घराच्या बाजूने झुकतो, आणि रोज दोन वेळा बाहेर जेवण्याचा खर्च टळतो तो वेगळाच. भाड्याखेरीज अनामत रक्कम, साफसफाईचं शुल्क, चादरी-टॉवेलचे पैसे आणि प्रौढांसाठी दर रात्रीचा स्थानिक पर्यटन कर लागू शकतो, हे आधी विचारून घ्यावं.

केव्हा जावं, यात महाराष्ट्रातल्या कुटुंबाला एक अनपेक्षित सोय आहे. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असते, फ्रान्समधल्या शाळांची जुलै आणि ऑगस्टमध्ये. म्हणजे आपली मुलं मोकळी असतात तेव्हा तिथे गर्दीचा हंगाम सुरू व्हायचा असतो. भाडी कमी असतात, शनिवारची अटही काही मालक शिथिल करतात, गुहांची तिकिटं मिळणं सोपं जातं. मे महिन्यात मात्र १ आणि ८ तारखेच्या सार्वजनिक सुट्ट्या, ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी येणारा गुरुवार आणि त्यानंतरचा पेंटेकोस्टचा सोमवार यांना जोडून फ्रेंच लोक स्वतः बाहेर पडतात. तेवढे दिवस टाळावेत. मेअखेर ते मध्य जून हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. नदीचं पाणी तेव्हा गार असतं आणि चौकात टेबलं मांडून जेवायचे रात्रीचे बाजार बहुतेक ठिकाणी जुलैत सुरू होतात, हे त्याचं उणेपण आहे. लंडन किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शाळेमुळे ऑगस्टच निवडावा लागतो. त्यांनी घर हिवाळ्यातच आरक्षित करावं आणि उष्णतेचा विचार करून निवडावं. २८ जून २०१९ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये ४६ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं, आणि खेड्यातल्या घरांत वातानुकूलन क्वचितच असतं. जाड दगडी भिंती आणि लाकडी झडपा हाच तिथला उपाय. दिवसभर झडपा मिटून ठेवायच्या, रात्री सगळं उघडायचं. विदर्भातल्या वाचकांना हे शिकवावं लागणार नाही.

दुसरा मोठा आक्षेप जेवणाचा. पेरिगॉर हा बदकाचा प्रदेश आहे, आणि शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात हे खरं आहे. साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही गफलत होते. सार्लाचे प्रसिद्ध लसूण घातलेले बटाटे बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात, आणि आक्रोडाच्या सॅलडमध्ये बदकाचे तुकडे असू शकतात. अनेक पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरलेलं असतं, त्यामुळे कडक शाकाहारी मंडळींनी वेष्टन वाचूनच ती घ्यावीत. पण हा आक्षेप उपाहारगृहांवर विसंबलेल्या सहलीला लागू होतो. स्वतःचं स्वयंपाकघर असेल तर तोच प्रदेश शाकाहाऱ्याला उदार वाटेल. बाजारात वांगी, टोमॅटो, ओल्या शेंगा, कोवळे दुधीसारखे कुर्जेत, बटाटे, मशरूम, स्ट्रॉबेरी, पुढे जुलैत टरबुजासारखे गोड खरबूज, सकाळचा गरम पाव आणि आक्रोडाचं तेल मिळतं. डाळी, तांदूळ, पिठं आणि कोरडे मसाले घरून नेता येतात. मात्र युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशातून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे इथेच ठेवावे लागतील. ताजी फळं आणि पालेभाज्यांना, मोजके अपवाद सोडून, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेव्हा हापूस आणि कढीपत्ताही नेऊ नये. लोणी तिथे उत्तम मिळतं, तूप कढवायला कितीसा वेळ लागतो!

गाडीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि बोर्दोहून सार्लाला स्थानिक गाडी जाते. पण त्यापुढे गावागावांत फिरायला बस फारशा नाहीत. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. तो आपल्याकडे आरटीओ देतं आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. तिथे गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आली, काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली आहे. गावाच्या नावाची पाटी ओलांडली की वेगळी सूचना नसली तरी मर्यादा ५० होते. वेगळा फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावं लागतं, अगदी छोट्या गल्लीतून येत असलं तरी. दहा वर्षांखालच्या मुलांना वयानुसार वेगळी आसनं सक्तीची आहेत, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी हवी असेल तर ती आधीच मागावी लागते. या सगळ्याचं दडपण येणं स्वाभाविक आहे. म्हणूनही मुक्काम एक असावा. त्याच पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघातल्या वाटेवर रोज गाडी चालवली की दोन दिवसांत हात बसतो. रोज नव्या प्रदेशात नव्या नियमांनिशी चारशे किलोमीटर हाकण्याची भीती खरी आहे. ही वाट तशी नाही.

ज्यांना आयफेल टॉवर आणि लूव्र यांच्याशिवाय फ्रान्स पाहिल्यासारखं वाटणार नाही, त्यांनी तो आनंद सोडावा असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीचे तीन-चार दिवस पॅरिसला द्यावेत आणि मग रेल्वेने खाली उतरावं. ज्यांच्या हाती एकूण सहाच दिवस आहेत, त्यांनी खेड्याचा विचार पुढच्या वेळेसाठी ठेवलेला बरा. व्हिसाच्या दृष्टीनेही हा आराखडा सोपा पडतो. शेंगेनचा अर्ज सर्वाधिक दिवस ज्या देशात राहायचं त्या देशाकडे करायचा असतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यात मुक्कामाचा पुरावा व किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. दोन पत्ते दाखवणं सात पत्ते दाखवण्यापेक्षा नक्कीच सोपं.

घर ठरवताना मालकाला काय विचारायचं, यावर आठवडा कसा जाईल हे बरंचसं अवलंबून असतं. वडीलधारी मंडळी असतील तर तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का, कारण जुन्या घरांतले जिने उभे आणि अरुंद असतात. पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आहे, आच्छादन आहे की नुसता भोंगा. २००३ च्या कायद्याने यांपैकी एखादी सुरक्षा व्यवस्था बंधनकारक आहे, पण लहान मुलं असतील तर कुंपण किंवा कडक आच्छादनच हवं, कारण भोंगा वाजतो तेव्हा मूल पाण्यात पडलेलं असतं. शेगडी गॅसची की विजेची, कपडे धुण्याचं यंत्र आहे का, पंखे किती, जवळची बेकरी कोणत्या वारी बंद असते आणि दुकान रविवारी दुपारनंतर बंद होत असेल तर शनिवारी संध्याकाळी पोचल्यावर दूध-भाजी कुठे मिळेल. फ्रेंच येत नसेल तर हे प्रश्न लेखी पाठवावेत, आरंभी 'बाँझूर' लिहून. दुकानात शिरतानाही हा शब्द आधी उच्चारावा, तो न म्हणता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं मानतात. तलावाबद्दल आणि जिन्याबद्दल मोघम उत्तर आलं तर आगाऊ रक्कम भरू नये, दुसरं घर शोधावं.